वळवाच्या ढगात बळ येते कोठून?

चैत्र-वैशाखात आमच्या भरे गावी राब भाजण्याची घाई असते. पालापाचोळा, शेण रचून तयार असते आणि नेमका तेव्हाच वळीव येतो. राब भिजला की नीट भाजत नाही, आणि मग भाताची रोपे तणात सापडतात. तेव्हा मुळशीच्या शेतकऱ्याला हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही.

उकाडा वाढला की वळीव येणारच, असे जुनी माणसे म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. तापल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन, पाण्यातून बूच वर यावे तशी चढते. वर दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते व किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी थंड होते. ती कोरडी असेल तर लवकरच थांबते. बाष्प असेल तर मात्र त्याचे पाणी होताना ग्रॅममागे जवळजवळ ६०० कॅलरी उष्णता बाहेर पडते. थंड होणे ५-६ अंशांवर येते. सभोवतालची हवा उंचीनुसार याहून झपाट्याने थंड होत असेल, तर चढणारी हवा उबदारच राहते आणि म्हणून आणखी चढते. हीच अस्थिरता.

समजा, किलोग्रॅमभर हवेला यातून १२५० ज्यूल ऊर्जा मिळाली. गतिज ऊर्जेच्या सूत्राने वेग सेकंदाला ५० मीटर येतो! पाण्याचे ओझे व बाहेरची कोरडी हवा यांमुळे प्रत्यक्षात तो बराच कमी भरतो. तरी गारा तोलून धरण्यास पुरतो.

बाष्प येते ते अरबी समुद्रावरून. दुपारचे खारे वारे कोकण ओलांडून, घाटमाथा चढून सायंकाळच्या सुमारास पुण्याकडे पोहोचतात. त्यांच्यावर कोरडी, उष्ण हवा झाकणासारखी बसलेली असते. मला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटला. झाकण नसते तर दिवसभर किरकोळ ढग येऊन शक्ती खर्ची पडली असती. झाकणामुळे ती साठते. डोंगराच्या उठावाने किंवा दोन वाऱ्यांच्या गाठीने ते फुटले की ढग तासाभरात १२-१४ किलोमीटर उंच जातो.

हवामानखात्याचे कार्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आले. त्या इमारतीचे 'शिमला ऑफिस' हे नाव टिकून आहे. हवेचे थर फुग्याला बांधलेल्या उपकरणांनी पहाटे व सायंकाळी साडेपाचला मोजतात. पहाटेच्या नोंदीवरून जमीन किती तापल्यावर झाकण फुटेल याचा अंदाज बांधता येतो. पाऊस भऱ्यावर पडेल की पिरंगुटावर, हे मात्र त्यातून निघत नाही.

पावसाने गार झालेली हवा खाली आदळून चोहीकडे पसरते. तो धुळीचा झोत लागला की माणसे राब झाकायला धावतात. परंतु वीज पावसाच्या दहा किलोमीटर पुढेही पडू शकते. पहिला गडगडाट ऐकू येईल तेव्हा घराची वाट धरावी, आणि बांधावरच्या आंब्याखाली तर मुळीच थांबू नये.