नेता एकच असावा

मोठ्या संगणकीय सेवा एकाच संगणकावर विसंबून नसतात. एक संगणक बंद पडला तरी काम थांबू नये, म्हणून तीच माहिती अनेक संगणकांवर ठेवतात. मात्र प्रत्येकाने स्वतंत्रपणे नोंदी केल्या, तर एकाच खात्याची शिल्लक दोन ठिकाणी वेगळी दिसेल. यासाठी एका संगणकाला नेता निवडतात. नवी नोंद तो करतो. इतर त्याचे अनुकरण करतात.

नेताच बंद पडला तर? खरी अडचण अशी, की तो बंद पडल्याचे इतरांना खात्रीने कळत नाही. त्याचा निरोप आला नाही, एवढेच कळते. कदाचित तो चालू असेल आणि मधला संपर्कच तुटला असेल. अशा वेळी दुसरा नेता नेमल्यास दोघेही नोंदी करू लागतील. नेता नसेल तर काम थांबते. दोन असतील तर माहितीच बिघडते.

डिएगो ओंगारो व जॉन आउस्टरहाउट यांनी २०१४ साली मांडलेल्या ‘राफ्ट’ पद्धतीत यावर उपाय आहे. प्रत्येक निवडणुकीला चढता क्रमांक असतो. त्या क्रमांकासाठी प्रत्येक संगणक एकदाच मत देतो. पाच संगणकांत किमान तीन मते मिळाली, तरच नेतेपद मिळते. दोन उमेदवारांना तीन-तीन मते मिळणे शक्यच नसते. जुना नेता दोघांच्या गटात अडकला, तर बहुमताअभावी त्याच्या नोंदी कायम होत नाहीत. संपर्क जुळताच मोठा क्रमांक पाहून तो पायउतार होतो. शिवाय ज्याच्या नोंदी आपल्यापेक्षा मागे आहेत, अशा उमेदवाराला कोणी मत देत नाही.

ही शेवटची अट किती मोलाची आहे, ते एका घटनेवरून कळते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेतील ‘गिटहब’ या सेवेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क ४३ सेकंद तुटला. देखरेख करणाऱ्या संगणकांनी बहुमताने पश्चिम किनाऱ्यावरील माहितीसाठ्याकडे नेतेपद सोपवले. परंतु पूर्वेकडील अखेरच्या काही नोंदी तेथे पोहोचल्याच नव्हत्या, आणि तेथे नव्या नोंदी सुरू झाल्या. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली.

तात्पर्य, बहुमत आवश्यक आहेच. पण निवडलेल्याजवळ पूर्ण माहिती असणेही तितकेच आवश्यक आहे.

पाठगत प्रश्न
१. निरोप न येणे आणि नेता बंद पडणे यांत फरक कोणता?
२. सात संगणकांत नेतेपदासाठी किमान किती मते लागतील? का?