चुनखडीच्या पठारावर पाण्याची तजवीज

प्रश्न : जुलैमध्ये ऑस्ट्रियातील डाखश्टाइन पठारावर पायी हिंडण्याचा मानस आहे. सह्याद्रीतल्या सवयीप्रमाणे एक बाटली पाणी पुरेल काय?

उत्तर : मुळीच नाही. आपल्या गडांवरील खोदीव टाक्यांत पाणी टिकते, कारण तो कातळ बेसाल्टचा. डाखश्टाइनचा चुनखडक मात्र किंचित आम्लधर्मी पर्जन्यजलाने युगानुयुगे विरघळत आल्यामुळे, तेथे पडलेला पाऊस आणि वितळलेले हिम भेगांतून तत्काळ भूगर्भात उतरते व पायथ्याच्या झऱ्यांतूनच पुन्हा प्रकट होते. सबब, दरडोई तीन लिटर पाणी बरोबर न्यावे. पठारावर खडकाला सुरीच्या पात्यासारख्या धारा असतात, नुसता तळहात टेकला तरी कातडे सोलते. मधल्या खोल विवरांवर जुलैतही जुने हिम साचलेले आढळते, त्यावर पाऊल देऊ नये. धुके उतरल्यावर दगडांवरील लाल-पांढऱ्या-लाल खुणा सोडून जवळची वाट शोधणे हा, आमच्या मते, शुद्ध अविचार होय. १९५४ च्या एप्रिलमध्ये याच पठारावर हिमवादळात वाट चुकून जर्मनीतील हाइलब्रोन शहराचे दहा विद्यार्थी व तीन शिक्षक प्राणांस मुकले. उन्हाळ्यात हिमवादळाची जागा दुपारची विजांची वादळे घेतात, म्हणून पहाटेच निघावे. ऑस्ट्रियातील पर्वतीय बचाव सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४० आहे. तो टिपून ठेवावा.