तुरीची मर आणि वांझ रोग

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील काळ्या जमिनीत तूर हे खरिपाचे भरवशाचे पीक मानले जाते. लातूरच्या बाजारपेठेचा व तेथील डाळगिरण्यांचा व्याप बराचसा याच पिकावर उभा आहे. परंतु पीक फुलोऱ्यास आले की शेतात ठिकठिकाणी उभी झाडे वाळू लागतात. तर काही झाडे हिरवीगार राहूनही त्यांना एकही शेंग धरत नाही. हे दोन रोग अगदी निराळे आहेत.

पहिला रोग मर. झाड वाळू लागताच पाण्याचा ताण पडला असे समजून पाणी देण्याकडे अनेकांचा कल असतो. अशा वेळी एक झाड उपटून त्याचे खोड उभे चिरून पाहावे. आत तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या, आणि बाहेरून बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा असला, तर ती मरच होय. फ्युजेरियम उडम नावाची जमिनीतील बुरशी मुळांवाटे शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नलिकाच बंद करते. मग वरून दिलेले पाणी झाडास पोहोचणार कसे? पुसा (बिहार) येथील वनस्पतिरोगशास्त्रज्ञ बटलर यांनी १९१० मध्ये या बुरशीचे सविस्तर वर्णन केले. शेतात राहिलेल्या धसकटांवर ती सुमारे तीन वर्षे टिकते, म्हणून त्याच रानात दरसाल तूर घेणाऱ्याची मर वाढतच जाते. पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या प्रयोगांत ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मरीचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. ज्वारीच्या पाटात तूर पेरण्याची जुनी रीत केवळ चाऱ्यासाठी नव्हती असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा वांझ रोग. याची पाने लहान, फिकट व पिवळसर ठिपक्यांची होतात. झाड झुडपासारखे दाट वाढते, पण फुले येत नाहीत. झाड जोमदार दिसते म्हणून ते शेतात राखले जाते, आणि हीच मोठी चूक ठरते, कारण तेच रोगाचे आगर असते. पेरणीनंतर पहिल्या दीड महिन्यात लागण झाल्यास त्या झाडाचे उत्पन्न जवळजवळ बुडते. १९३१ मध्ये हा रोग नोंदला गेला, पण त्याचे मूळ हाती लागण्यास दीर्घ काळ लोटला. १९६२ मध्ये सेठ यांनी दाखविले की, नुसत्या डोळ्यांस न दिसणारी एक कोळी जातीची कीड तो पसरविते. ही कीड पानांच्या खालच्या बाजूस राहते व वाऱ्याबरोबर दूर जाते. प्रत्यक्ष विषाणू मात्र २००० सालाच्या सुमारास ओळखला गेला.

हा विषाणू बियाण्यातून येत नाही. तो उन्हाळ्यात जगतो कोठे, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. बांधावरची जुनी तूर, परसातील बहुवर्षायू झाडे आणि कापणीनंतर फुटलेला खोडवा हीच त्याची आश्रयस्थाने. मृगापूर्वी ही सर्व झाडे मुळासकट काढली, आणि शेजाऱ्यांनीही तसेच केले, तरच त्याचा उपयोग होतो. एकट्याच्या शेतापुरते केलेले काम वाऱ्यापुढे टिकत नाही. उभ्या पिकातील वांझ झाडे दिसताच उपटून नष्ट करावीत.

दोन्ही रोगांवरील सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रतिकारक वाण. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर संशोधन केंद्राने असे वाण निवडून काढले. लाल दाण्याचा बीएसएमआर ७३६, पांढऱ्या दाण्याचा बीएसएमआर ८५३ आणि लवकर तयार होणारा बीडीएन ७११ हे त्यांपैकी होत. हलक्या जमिनीत किंवा पाऊस लवकर उघडणाऱ्या भागात लवकर येणारा वाण बरा.

पेरणीपूर्वी प्रत्येक किलो बियाण्यास १० ग्रॅम ट्रायकोडर्मा भुकटी चोळावी. मर पडलेल्या ठिकाणच्या तुराट्या धसकटांसह खणून काढाव्यात, आणि त्या रानातील दाणा पुढील पेरणीसाठी बियाणे म्हणून ठेवू नये.