रानमेथी : ओळख, उपयोग, लागवड व साठवणुकीतील दक्षता

रब्बी हंगामात गव्हाच्या शेतात व पाटाच्या कडेने आपोआप उगवणारी रानमेथी शेतकरी तण म्हणून उपटून टाकतो. भावप्रकाशात मेथिकेसोबत वन्य मेथीचाही निर्देश असून ती मेथीहून अल्पगुणी, परंतु घोड्यांस हितकर मानली आहे.

लॅटिन नाव : मेलिलोटस इंडिकस. कुल : शिंबी.

स्वरूप : वर्षायू, उंची साधारणतः १० ते ५० सें.मी. पाने त्रिदल, दंतुर. फुले पिवळी, २ ते ३ मि.मी., मंजिरीत. शेंगा अतिशय लहान, १-२ बीजांच्या. वाळल्यावर कुमारिन या घटकामुळे गोड सुगंध येतो. जमिनीलगत पसरणाऱ्या, जांभळट फुलांच्या डेस्मोडियम ट्रायफ्लोरमलाही काही भागांत रानमेथीच म्हणतात. खरेदी करताना केवळ नावावर विसंबू नये.

उपयोग : बीजांची पेज अतिसारात, विशेषतः बालकांच्या, देण्याची परंपरा आहे. पंचांगाचा लेप व शेक शोथावर करतात.

लागवड : पंजाबात ही वनस्पती ‘सेंजी’ नावाने चाऱ्यासाठी पेरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणी करावी. बीजकवच कठीण असल्याने बी वाळूत घासून घ्यावे. किंचित खारवट जमीनही चालते. मुळांवरील गाठींमुळे जमिनीत नत्र वाढते.

दक्षता : आमच्या मते हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत याच वर्गातील बुरसलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावली. बुरशीमुळे कुमारिनचे डायकुमारॉल बनते व ते जीवनसत्त्व ‘के’च्या कार्यास विरोध करून रक्त गोठू देत नाही. १९३९ मध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत हे द्रव्य वेगळे करण्यात आले; त्यातूनच पुढे वॉरफरिन निर्माण झाले.

मागील हिवाळ्यात आमच्याकडे पंचांगाचे एक पोते आले. वरचा थर सुगंधी, पण मधला भाग ओलसर व बुरसट होता. वरचा भाग निवडून वापरण्याचा मोह आम्हांसही झाला. तथापि संपूर्ण पोते नष्ट केले. कारण बुरशी झटकली, तरी तयार झालेले डायकुमारॉल द्रव्यात तसेच राहते.

म्हणून फुलोऱ्यात कापणी करून पंचांग सावलीत, पातळ थरात वाळवावे. काडी कडकन मोडेपर्यंत पोती भरू नयेत. औषधनिर्मात्यांनी प्रत्येक पोते मध्यभागी उघडून पाहावे. वैद्यांनी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या, गर्भिणी व रक्तपित्ताच्या रुग्णांस ही वनस्पती पोटात देऊ नये. रुग्ण अशी औषधे घेत असल्याचे आपणहून सांगतोच असे नाही. तेव्हा विचारणे हे आपलेच कर्तव्य होय.