लिनक्सवाल्याचा मोबाइल

गोंदियात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं: स्वस्तात होईल का, आणि आज संध्याकाळी मिळेल का. माझं लिनक्सप्रेम या दोन प्रश्नांवरच पोसलं गेलं. राइस मिलच्या मुनीमजींचा जुनापुराणा डेस्कटॉप, शाळेच्या लॅबमधून भंगारात निघालेली यंत्रं, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरीचा रखडत चालणारा लॅपटॉप. लिनक्स मिंट टाकलं की यांतली बरीचशी पुन्हा चालायला लागतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट बंद झाले आणि अकरावर जाण्याइतकी ताकद नसलेल्या यंत्रांचा ढीग दुकानात लागला, तेव्हापासून तर विचारूच नका. जिथे टॅलीवाचून चालत नाही तिथे मी हट्ट धरत नाही. कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलींची कपाटं ज्यांच्याकडे आहेत, त्यांना आधी दोन-चार फायली उघडून दाखवतो, मगच पुढे जातो.

संगणक असा जिवंत झालेला पाहिला की पोरं हमखास खिशातून मोबाइल काढतात. "दादा, याच्यावर बी टाकून द्या ना जी लिनक्स." माझं उत्तर ठरलेलं आहे: ज्या फोनवर घरचा पैसा चालतो त्याला मी हात लावत नाही. लिनक्सवाल्याच्या तोंडी हे शोभत नाही, असं त्यांना वाटतं.

खरं म्हणजे टाकायचं काहीच नसतं. २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला तेव्हापासून त्याच्या बुडाशी लिनक्सचं कर्नलच आहे. धुऱ्यावर बसून गाणी ऐकणाऱ्या गड्याच्या हातातला बटणांचा जिओफोन घ्या. त्यात काय-ओएस आहे, ती फायरफॉक्स ओएसपासून निघाली आणि तिच्याही खाली लिनक्सच. ज्याला संगणक म्हणजे काय हे माहीत नाही अशा माणसाच्या खिशातही लिनक्स पोचलं. लिनक्सवाल्यांचं स्वप्न पुरं झालं म्हणायला हरकत नाही. फक्त त्या गड्याला त्यात एक अक्षर बदलता येत नाही, आणि त्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिमही चालत नाही.

हे कसं झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. लिनक्सचं कर्नल जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतं. कोड वापरून केलेली वस्तू लोकांना विकलीत किंवा वाटलीत तर केलेल्या बदलांसकट कोडही त्यांना द्या, असं हा परवाना बजावतो. पण लोकांनी बदललेला कोड त्याच यंत्रावर चाललाच पाहिजे, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. अमेरिकेत टिवो नावाच्या टीव्ही रेकॉर्डरने हीच फट धरली. कोड जाहीर केला, पण कंपनीची सही नसलेला कोड यंत्र चालवेचना. रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने जून २००७ मध्ये परवान्याची तिसरी आवृत्ती काढून ती फट बुजवली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना ते पटलं नाही, आणि कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिलं. आज तुमच्या फोनचा बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम, कुलूपबंद असतो तो या परवान्यात बसूनच. टोरवाल्ड्स यांच्याविषयी मला आदर आहे. पण दुकानात बसून विचार करतो तेव्हा या एका मुद्द्यावर मी स्टॉलमन यांच्या बाजूचा.

दुसरी अडचण हार्डवेअरची. डेस्कटॉप कुठल्याही कंपनीचा असो, सुरू होताना आपल्यात काय काय जोडलंय ते तो स्वतः सांगतो. म्हणून पेन ड्राइव्हवरचं एकच लिनक्स आमगावच्या दुकानातही चालतं आणि नागपूरच्या कॉलेजातही. फोनमधली चिप असं काही बोलत नाही. प्रत्येक मॉडेलसाठी सुट्या भागांची वेगळी यादी लिहावी लागते, आणि कॅमेरा, मोडेम, बोटाच्या ठशाचा सेन्सर यांचे ड्रायव्हर चिप बनवणाऱ्याकडून बंद स्वरूपात येतात. त्याने ते नवे करून दिले नाहीत की फोन जुन्या कर्नलला बांधला गेला. म्हणून लिनेजओएस, म्हणजे अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरून बनवलेली पर्यायी सिस्टीम, "अँड्रॉइड फोनसाठी" अशी नसते, अमुक मॉडेलसाठी असते. मॉडेलच्या नावात एका अक्षराचा फरक, आणि फोन दगड.

असा दगड घेऊन एक पोरगा आला होता. "भाऊ, पाहून द्या ना जी, काल रात्रीपासून टावर नाही येऊन राहिला." व्हिडिओ बघून त्याने बूटलोडर उघडला होता. त्यात फोटो, नोट्स सगळं पुसलं गेलं, कारण कुलूप उघडताना फोन सगळा डेटा पुसतोच. फोन दुसऱ्याच्या हाती पडला तर आतलं वाचता येऊ नये, म्हणून ही सोय. त्यानंतर भलत्याच मॉडेलची फाइल चढवली. स्क्रीन चालू होत होती, पण *#06# दाबलं की आयएमईआयच्या जागी नुसती शून्यं. मोडेमची माहिती ज्या कप्प्यात असते तोच कप्पा त्याने पुसून टाकला होता, आणि त्याची प्रत ठेवायची असते हे व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. बाजारात एकाने "नवीन नंबर टाकून देतो" असं त्याला सांगितलंही होतं. ते मात्र मी जोर देऊन थांबवलं. आयएमईआयशी छेडछाड हा आपल्याकडे गुन्हा आहे, तुरुंगापर्यंत नेणारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि बिल सोबत ने, एवढंच त्याला सांगितलं.

दुसरा प्रकार त्याहून अवघड, कारण त्यात फोन धडधाकट असतो. सालेकसा तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी मुलाने वडिलांच्या जुन्या फोनवर लिनेजओएस अगदी व्यवस्थित बसवली. फोन हलका झाला, बॅटरी टिकायला लागली, सगळे खूश. मग आधारभूत केंद्रावर दिलेल्या धानाचे चुकारे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला, आणि पैसे पाहायला गेले तर बँकेचं ॲप उघडेचना. "हे उपकरण सुरक्षित नाही." बँकेचं नाव घेत नाही, कारण अशी तपासणी आता बरीच ॲप करतात. फोनचा बूटलोडर उघडा आहे का, सिस्टीमवर कंपनीची सही आहे का, हे ती गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या सेवेकडून विचारून घेतात. ही तपासणी चुकवण्याचे उपाय सांगणारे भरपूर आहेत. मी सांगत नाही, कारण आज चालणारा उपाय उद्याच्या अपडेटला गळपटतो, आणि त्या दिवशी खताच्या दुकानात पैसे द्यायचे असतात. यूपीआय तर सिमलाही बांधलेलं असतं आणि फोनलाही, त्यामुळे शेजाऱ्याचा फोन मागून भागत नाही. अशा वेळी साध्या फोनवरून *99# लावून पाहावं. खात्याला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर निदान शिल्लक कळते.

शेतकऱ्याच्या फोनवर आता पीकही नोंदवलं जातं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. बांधीत उभं राहून धानाचा फोटो काढायचा आणि जागेच्या अक्षांश-रेखांशासकट तो पाठवायचा. सातबाऱ्यावर पीक चढतं ते त्यातून. अशा फोनवर प्रयोग करणं म्हणजे रोवणीच्या दिवसांत मोटारपंप खोलून बसणं.

आता ज्या गोष्टीने माझं स्वतःचं मत थोडं हललं, ती सांगतो. गोरेगावकडचे एक काका आले. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "पीएम किसान" नावाची एपीके फाइल आली होती. ओळखीच्याच नंबरावरून, म्हणून उघडली. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, यांनी दिली. मग ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागले आणि खातं रिकामं झालं. लग्नपत्रिका, गाडीचं चलान, वीजबिल, अशा नावांनीही हा खेळ चालतो. फोन तपासला तेव्हा दिसलं की व्हॉट्सॲपला "अनोळखी ॲप बसवण्याची" परवानगी आधीपासूनच दिलेली होती. फुकट सिनेमे दाखवणारं काहीतरी बसवण्यासाठी भाच्याने कधीतरी ती दिली आणि तशीच राहिली.

मी मात्र वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो की प्ले स्टोअरच्या बाहेरही जग आहे, एफ-ड्रॉइड वापरा. २०१० पासून चाललेलं हे भांडार ओपन सोर्स ॲपचा कोड स्वतः बांधून देतं, आणि ॲप कुठे माहिती पाठवत असेल तर तसं स्पष्ट लिहितं. पण ते बसवायलाही हीच परवानगी लागते. दार तेच, आत येणारा वेगळा. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की ओळख पटवून नोंदणी न केलेल्या डेव्हलपरची ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणार नाहीत, आणि २०२६ पासून हा नियम काही देशांत लागू होईल. एफ-ड्रॉइडने त्याला जाहीर विरोध केला. पुढे गूगलने जाणकारांसाठी एक वाट ठेवू म्हटलं. काकांचा चेहरा पाहिलेला असल्यामुळे गूगलचं कारण खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही. पण फोनवर कुणाचं सॉफ्टवेअर चालावं याची यादी जगभरासाठी एकाच कंपनीने ठेवावी, हेही मला मान्य नाही. गावातल्या पाच चोरांसाठी सगळ्या घरांच्या चाव्या एकाकडे द्यायला कोण तयार होईल?

तोवर आपल्या हाती काय आहे? अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ॲपनिहाय मिळते. सेटिंगमध्ये "विशेष ॲप ॲक्सेस" किंवा "अनोळखी ॲप" असं काहीतरी सापडेल, आतली यादी उघडा. व्हॉट्सॲप, फाइल मॅनेजर, ब्राउझर यांच्यापुढे "नाही" असलं पाहिजे. एफ-ड्रॉइड वापरत असाल तर "हो" फक्त त्याच्यापुढे. घरातल्या म्हाताऱ्यांच्या फोनवर तर कुणापुढेच नको. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

फोनची सिस्टीम आहे तशी राहू द्यायची आणि वरचं सामान एकेक करून बदलायचं, ही माझी आजची पद्धत. फायरफॉक्स, व्हीएलसी, नकाशासाठी ऑसमअँड. ऑसमअँडमध्ये महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून घेतला की नवेगाव-नागझिराच्या रस्त्याला टावर गेला तरी वाट सापडते. हा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे कुणीही दुरुस्त करावा असा. आपल्या गावचा पांदण रस्ता किंवा बोडी त्यात नसेल तर स्वतः टाका. फोनमधले फोटो संगणकावर आणायला सिंकथिंग पुरतं, मधे कुणाचा सर्व्हर लागत नाही. नवा फोन घेताना मात्र कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी एक प्रश्न दुकानदाराला विचारा: सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? बहुतेकांना सांगता येत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर पाहून या.

आता कुणी म्हणेल, एवढी कटकट असेल तर ओपन सोर्सचं वेड हवंच कशाला? सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, दूरदूरच्या राज्यांतून माणसं येतात. त्यांची गोंडी भाषा लिहिण्यासाठी शेजारच्या बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये लिपी तयार केली. मसराम गोंडी नावाने ती २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली, पुढच्या वर्षी गुंजाला गोंडी ही दुसरी लिपीही आली. कुठल्याही कंपनीच्या हिशेबात ही बाजारपेठ मोठी नाही. तरी नोटो या फॉन्टमालिकेत मसराम गोंडीचा फॉन्ट आहे, खुल्या परवान्याचा. कुणीही उतरवावा, बदलावा, वाटावा. उद्या देवरीच्या एखाद्या पोराला या लिपीचा कीबोर्ड करायचा असेल तर कुणाची परवानगी मागायला नको. मला हे फोन वेगाने चालण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

आणि खाज असेलच, असायलाच हवी, तर कपाटात पडलेला जुना फोन काढा. आधी त्याचं नेमकं मॉडेल, सांकेतिक नावासकट, लिनेजओएस किंवा पोस्टमार्केटओएसच्या यादीत आहे का ते पाहा. पोस्टमार्केटओएस हा जुने फोन दहा वर्षं चालावेत या ध्येयाने २०१७ मध्ये सुरू झालेला प्रकल्प आहे. मॉडेल यादीत नसेल तर तिथेच थांबा. असेल तर डेटा काढून घ्या, मोडेमच्या कप्प्याची प्रत ठेवा, सिम बाहेर काढा, मग खुशाल लागा. जमलं नाही तरी किविक्स ॲप बसवून मराठी विकिपीडिया त्यात भरून ठेवता येतो, तो इंटरनेटशिवाय चालतो आणि त्यासाठी बूटलोडरचं कुलूप उघडावंही लागत नाही. आश्रमशाळेत शिकणाऱ्या भाचीला मी असाच एक फोन करून दिला. फक्त जुन्या फोनची पाठ फुगलेली दिसली तर चार्जर लावू नका, आधी बॅटरी बदलून घ्या.