परदेशातील रोजगार आणि सुरक्षिततेची पूर्वतयारी

उपजीविकेसाठी समुद्र ओलांडणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. कोकणातील खलाशी पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींवर नोकरी करीत आले. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढून आखाती देशांत बांधकामांना वेग आला, तेव्हा रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील अनेक गावांतून गवंडी, सुतार, वाहनचालक आणि आचारी तिकडे जाऊ लागले. आज आखातातील सहा देशांत मिळून सुमारे नव्वद लाख भारतीय राहतात. त्यांनी पाठविलेल्या पैशांतून घरे उभी राहिली, कर्जे फिटली, मुलांची शिक्षणे झाली. परंतु परमुलखात काम करणाऱ्या माणसाच्या जीविताला व स्वातंत्र्याला कोणते धोके संभवतात आणि त्यांचे निवारण कोठून सुरू होते, याचा विचार बहुधा एखादी दुर्घटना घडल्यावरच केला जातो. गेल्या काही दशकांतील घटनांच्या आधारे तो विचार येथे करावयाचा आहे.

युद्धाच्या छायेत

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. त्या वेळी कुवेतमध्ये सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. बँका बंद पडल्या, चलनाचे मोल गेले आणि वर्षानुवर्षांची बचत एका दिवसात निरुपयोगी झाली. हजारो कुटुंबे बसमधून बगदादमार्गे वाळवंट ओलांडून जॉर्डनमध्ये पोहोचली. अम्मान येथून एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे करून सुमारे एक लाख अकरा हजार भारतीयांना मायदेशी आणले. नागरी विमानांनी केलेले हे स्थलांतर जगातील सर्वांत मोठ्या स्थलांतरांपैकी एक मानले जाते.

या घटनेचा उत्तरार्ध तितकाच बोधप्रद आहे. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाई आयोग स्थापन केला. २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात ज्यांना इराक किंवा कुवेत सोडावे लागले, त्यांना ठराविक रक्कम मिळण्याची सोय झाली : एकट्या व्यक्तीस २,५०० डॉलर व कुटुंबास ५,००० डॉलर. त्यासाठी तेथून निघाल्याचा व निघाल्याच्या तारखेचा साधा कागद पुरेसा होता. मात्र बुडालेले वेतन, घरातील सामान, बँकेतील ठेव यांबद्दल अधिक रक्कम मागावयाची, तर त्या प्रमाणात पुरावाही द्यावा लागे. ज्याने वेतनपत्रके व करारपत्राची प्रत जपून आणली, त्याचा मागणीअर्ज सोपा झाला; ज्याचे सारे कागद मालकाच्या कपाटात राहिले, त्याची अडचण झाली.

पुढील काळात अशी संकटे वारंवार आली. २०११ मध्ये लिबियातून पंधरा हजारांहून अधिक भारतीयांना परत आणावे लागले. २०१५ मध्ये येमेनमधून ‘ऑपरेशन राहत’ अन्वये चार हजार सहाशेहून अधिक भारतीयांची आणि त्यांच्याबरोबर ४१ देशांच्या सुमारे ९६० नागरिकांची सुटका झाली. २०२२ मध्ये युक्रेनमधून व २०२३ मध्ये सुदानमधून अशाच मोहिमा पार पडल्या. तथापि शासन विमान किंवा जहाज पाठवू शकते ते ज्यांचा ठावठिकाणा त्यास ठाऊक आहे त्यांच्यासाठीच, हे विसरता येत नाही.

नोंद असणे आणि नसणे

२०१४ च्या जून महिन्यात इराकमधील दोन घटनांनी ही बाब स्पष्ट केली. तिक्रित येथील रुग्णालयात ४६ भारतीय परिचारिका अडकल्या होत्या. त्या कोठे आहेत हे वकिलातीस ठाऊक होते, दूरध्वनीवर त्यांच्याशी बोलणे होत होते. सशस्त्र गटाने त्यांना मोसुलला नेले, तरी हा संपर्क तुटला नाही आणि ५ जुलै २०१४ रोजी त्या सुखरूप कोचीला परतल्या. त्याच महिन्यात मोसुल येथे बांधकामावर असलेल्या ३९ भारतीय कामगारांचे अपहरण झाले. त्यांचे काय झाले हे जवळजवळ चार वर्षे निश्चित कळू शकले नाही. २० मार्च २०१८ रोजी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत त्यांच्या मृत्यूची माहिती दिली; नातेवाइकांच्या डीएनए नमुन्यांवरून मृतांची ओळख पटविण्यात आली होती. हे कामगार अनधिकृत दलालांमार्फत गेलेले असल्याने त्यांची नोंद कोणत्याही वकिलातीत नव्हती, असे परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांनी सांगितले.

नोंद असती तर ते वाचले असतेच, असा दावा कोणी करणार नाही. दोन्ही प्रसंगांची परिस्थितीही सर्वस्वी सारखी नव्हती. परंतु ज्याचे नाव, मालक व मुक्कामाचे ठिकाण कोणत्याच वहीत नाही, त्याचा शोध शून्यापासून सुरू करावा लागतो, एवढे निश्चित.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तिक्रितच्या परिचारिकांपैकी अनेकींना भरतीसाठी काढलेले कर्ज फेडावयाचे होते आणि त्यांचे वेतनही थकलेले होते. धोका दिसत असूनही माणूस जागा सोडत नाही, याचे कारण पुष्कळदा धाडस नसून कर्ज असते. दलालास दिलेली मोठी रक्कम ही म्हणूनच केवळ आर्थिक बाब राहत नाही. ती माणसाला संकटाच्या जागी बांधून ठेवते.

कामाची व निवासाची जागा

युद्धाच्या बातम्या सर्वत्र पोहोचतात. रोजच्या निवासातील धोका मात्र नजरेआड राहतो. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे परदेशी कामगारांच्या इमारतीस पहाटे आग लागली आणि तीत किमान ४५ भारतीय मृत्युमुखी पडले. आगीचा उगम तळमजल्यावरील विजेच्या बिघाडात होता. खोल्यांच्या आडभिंती ज्वालाग्राही साहित्याच्या असल्याने धूर व आग वेगाने पसरली आणि गच्चीचे दार कुलूपबंद असल्याने वर जाणाऱ्यांनाही वाट मिळाली नाही. नव्या जागी राहावयास गेलेल्याने पहिल्याच दिवशी बाहेर पडण्याच्या वाटा व गच्चीचे दार पाहून ठेवावे, हा साधा धडा येथून घ्यावयाचा आहे.

नोकरीच्या नावाखाली सापळा

अलीकडच्या काळात एक नवीच आपत्ती उभी राहिली आहे. थायलंडमध्ये संगणकावरील विक्री किंवा जाहिरात विभागात भरघोस वेतनाची नोकरी, असे आमिष समाजमाध्यमांवरून दाखविले जाते. तरुण पर्यटक व्हिसावर बँकॉकला उतरतो आणि तेथून त्यास बेकायदा मार्गाने म्यानमारच्या सीमेपलीकडे मायावाडी भागात नेले जाते. तेथे पारपत्र काढून घेऊन, मारहाणीच्या धाकाखाली, दूरध्वनी व संगणकाद्वारे परक्या लोकांना फसविण्याचे काम त्याच्याकडून करून घेतले जाते. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना तेथून परत आणले.

रशियाच्या बाबतीतही असेच घडले. मदतनीसाचे काम म्हणून नेलेल्या काही तरुणांना सैन्यात दाखल करून युद्धाच्या आघाडीवर पाठविण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार अशी १२६ प्रकरणे समोर आली होती. त्यांपैकी ९६ जण परतले होते, १२ जणांचा मृत्यू झाला होता आणि १६ जणांचा ठावठिकाणा लागलेला नव्हता.

कायद्याचे संरक्षण व त्यातील उणीव

या क्षेत्रातील मुख्य कायदा म्हणजे १९८३ चा उत्प्रवासन अधिनियम होय. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याने केंद्र शासनाकडे नोंदणी करणे या कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणीकृत भरती अभिकर्त्यास उमेदवाराकडून अधिकाधिक ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच शुल्क घेता येते आणि त्याची पावती द्यावी लागते. अभिकर्ता नोंदणीकृत आहे किंवा नाही, हे केंद्र शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते.

जे दहावी उत्तीर्ण नाहीत, त्यांच्या पारपत्रावर सामान्यतः ईसीआर ही नोंद असते. आखाती देशांसह ठराविक देशांत नोकरीस जाण्यापूर्वी अशा व्यक्तीस उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. त्यांचे एक कार्यालय मुंबईत आहे. परवानगीच्या वेळी करारपत्र तपासले जाते आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत नाव घातले जाते. या योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता भरून, अपघाती मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते.

उणीव दोन ठिकाणी राहते. पहिली अशी की, ही परवानगी नोकरीसाठी जाणाऱ्यास लागते, पर्यटनासाठी जाणाऱ्यास नाही. म्हणूनच अनधिकृत दलाल पर्यटक व्हिसा हाती देतो व ‘तिकडे गेल्यावर बदलून मिळेल’ असे सांगतो. त्या क्षणी माणूस कायद्याच्या छत्राबाहेर जातो. दुसरी अशी की, दहावी उत्तीर्ण झालेल्यांना ही परवानगी लागतच नाही. त्यांचीही नोंदणी १ जानेवारी २०१९ पासून सक्तीची करण्याचे ठरले होते; परंतु तो निर्णय अमलात येण्यापूर्वीच स्थगित झाला. शिकलेला तरुण स्वतःचे हित पाहील, हे या सवलतीमागील गृहीत होय. संगणकीय फसवणुकीच्या सापळ्यात मात्र शिकलेलेच तरुण मोठ्या संख्येने सापडले. यास्तव शिकलेल्यांनी ऐच्छिक नोंदणी आवर्जून करावी.

परमुलखाचे कायदे व आपले हक्क

आपल्या स्वयंपाकघरातील खसखस संयुक्त अरब अमिरातींत निषिद्ध आहे आणि ती जवळ बाळगणे हा गंभीर गुन्हा ठरू शकतो. कोणाचेही पुडके, मग ते आप्ताचे का असेना, न उघडता सोबत नेऊ नये. २०१९ मध्ये नातेवाइकाने दिलेल्या पुडक्यात अमली पदार्थ निघाल्याने मुंबईच्या एका दांपत्यास कतारमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली होती. निर्दोष ठरून मायदेशी परतण्यास त्यांना २०२१ साल उजाडावे लागले. नेहमीची औषधे नेताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी व ती त्या देशात चालतात की नाही याची आधी चौकशी करावी.

अटक झाल्यास आपल्या वकिलातीस कळविण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या अनुच्छेदाने मान्य केला आहे. मालकाने कामगाराचे पारपत्र आपल्याजवळ अडवून ठेवणे कतारच्या २०१५ च्या कायद्याने निषिद्ध ठरविले आहे. वेतन, छळ किंवा अडवणूक यांबाबतची तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर घरच्या माणसांनाही नोंदविता येते. अडचणीत सापडलेल्यांच्या परतीच्या तिकिटासाठी, कायदेविषयक साहाय्यासाठी व पार्थिव आणण्यासाठी वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे.

गावाकडून काय होऊ शकेल

ग्रामपंचायतीने परदेशी जाणाऱ्यांची एक ऐच्छिक नोंदवही ठेवावी. तीत पारपत्र क्रमांक, देश, मालकाचे नाव व पत्ता, अभिकर्त्याचा नोंदणी क्रमांक आणि घरच्या माणसाचा दूरध्वनी एवढी माहिती असावी. ती खाजगी असल्याने वही जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात कुलपात राहावी. जाणाऱ्याने पारपत्र, व्हिसा, करारपत्र व विमापत्र यांच्या प्रती घरी ठेवाव्यात, पोहोचताच भारतीय वकिलातीत नाव नोंदवावे आणि वेतनपत्रकांची छायाचित्रे दरमहा घरी पाठवावीत.

शिक्षकांनी नववी-दहावीच्या वर्गात एक तास या विषयास द्यावा. करारपत्रात वेतन, कामाचे तास, निवास व परतीचे तिकीट कोठे लिहिलेले असते, पर्यटक व्हिसा व नोकरीचा व्हिसा यांत काय फरक असतो, एवढे जरी मुलांना कळले, तरी ते घरातील वडीलधाऱ्यांनाही सावध करू शकतील.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने १९८३ च्या कायद्यातील एक तरतूद विशेष उपयोगाची आहे. या कायद्याखालील खटल्यास एरवी केंद्र शासनाची पूर्वमंजुरी लागते. परंतु फसविला गेलेला उमेदवार स्वतः, अथवा त्याच्या वतीने आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण किंवा पालक तक्रार करीत असल्यास तिची आवश्यकता नाही. मुलगा परदेशात अडकला असताना ‘तो परत येऊ द्या, मग पाहू’ असे सांगून त्याच्या आईस ठाण्यावरून परत पाठविण्याचे म्हणूनच कारण उरत नाही.

परदेशातील सर्वच संकटे टाळणे कोणाच्या हाती नाही. परंतु जाणारा माणूस कर्जाने जखडलेला नसावा, त्याचे कागद त्याच्याजवळ व घरी असावेत आणि तो कोठे आहे हे वकिलातीस व गावास ठाऊक असावे, एवढी व्यवस्था तो विमानात बसण्यापूर्वी करता येण्याजोगी आहे. ती करण्याचे काम प्रथम गावाचे आहे.