थंड प्रदेशातील ड्रॅगन : कल्पनेकडून कारणाकडे नेणारा एक पाठ

(इयत्ता पाचवी व सहावी. विषय : सामान्य विज्ञान. तासिका : तीन.)

उद्देश : कल्पनाशक्ती मुलांच्या ठिकाणी उपजतच असते, तिला कारणांची शिस्त लावणे हे शिक्षकाचे काम होय. या पाठात मुलांनी बर्फाळ प्रदेशात राहणारा एक ड्रॅगन कल्पनेने निर्माण करावयाचा आहे. त्यास हवा तो अवयव देण्याची मुलांना पूर्ण मुभा असावी. मात्र प्रत्येक अवयवापुढे ‘हा कशासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले असले पाहिजे. मेडशी येथील एका वर्गात हा पाठ घेतला असता जे घडले, ते आमच्या चुकीसह येथे देत आहोत.

प्रस्तावना : ड्रॅगन हा चीन व युरोप यांच्या कथांतील महासर्प होय. चिनी ड्रॅगन पाऊसपाण्याचा स्वामी मानला जातो, तर युरोपातील ड्रॅगन पंखधारी असून मुखावाटे आग ओकतो. असे प्राणी घडविण्याची कला आपल्याकडेही जुनीच आहे. चिखलदऱ्याजवळील गाविलगडाच्या दरवाजावर दोन मस्तकांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ आढळतो. शिल्पकारांनी पाहिलेल्या प्राण्यांचे अवयव जुळवूनच न पाहिलेला प्राणी उभा केला. मुलांनीही तेच करावयाचे आहे. हाच ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ जाण्याचा मार्ग होय.

पूर्वज्ञान : मेडशीच्या मुलाने आपल्या गावी बर्फ पडताना पाहिलेले नसते; परंतु पौषातील पहाटेची थंडी, अंगणातील शेकोटी व खांद्यावरची घोंगडी त्यास चांगली ठाऊक असते. पातूरच्या घाटाकडील टेकड्यांवर किंवा शेताच्या बांधावर त्याने घोरपडही पाहिलेली असते. ड्रॅगनाला घोरपडीहून अधिक जवळचा नातलग आपल्या परिसरात दुसरा मिळणार नाही. म्हणून पाठाचा आरंभ घोरपडीपासून करावा.

पहिली तासिका : ‘घोरपड कोणत्या वेळी दिसते?’ असा प्रश्न विचारावा. ऊन वर आल्यावर ती दगडावर येऊन पडते व अंग तापल्यावर चपळ होते, हे उत्तर मुलांकडूनच येते. सरडा, साप, घोरपड यांच्या अंगात आपल्याप्रमाणे सतत पुरेशी उष्णता निर्माण होत नाही. ती त्यांना बाहेरून घ्यावी लागते. मग जेथे ऊन कोवळे व हिवाळा दीर्घ, तेथे अशा प्राण्याने काय करावे? येथे मुलांना चित्रे काढू द्यावीत.

आमच्या वर्गातील बहुतेक चित्रांत ड्रॅगनाच्या अंगावर दाट केस होते. आम्हीही समाधानाने फळ्यावर लिहिले : ‘थंडीपासून रक्षणासाठी केस.’ तेव्हा एक अबोल मुलगी उभी राहिली. तिच्या घरी मेंढरे होती. तिने विचारले, “गुरुजी, घोरपडीच्या अंगावर घोंगडी टाकली तं तिले ऊब येईन का?” वर्ग हसला. पाठाशी संबंध नसलेले बोलू नये, असे म्हणून आम्ही तिला खाली बसविले.

सायंकाळी वह्या तपासताना तो प्रश्न पुन्हा आठवला, आणि पाठाचे मर्म त्या मुलीने ओळखले होते व आम्ही नव्हते, हे ध्यानी आले.

दुसरी तासिका : दुसऱ्या दिवशी बर्फाचे दोन सारखे तुकडे आणले. एक ताटलीत उघडा ठेवला; दुसरा घोंगडीच्या चार पदरांत गुंडाळला. ‘आधी कोणता वितळेल?’ असे विचारता, घोंगडी गरम असते म्हणून तिच्यातला आधी वितळेल, असे बहुतेकांनी सांगितले. अर्ध्या तासाने पाहता उघडा तुकडा बराच विरघळला होता, गुंडाळलेला पुष्कळसा शिल्लक होता. घोंगडीत उष्णता नसते. ती आतली उष्णता आत व बाहेरची बाहेर ठेवते. मनुष्य आत तापलेला असतो, म्हणून त्याला ऊब मिळते. थंड घोरपडीला घोंगडी पांघरली तर ती थंडच राहील, शिवाय सकाळच्या उन्हालाही मुकेल.

कालचा प्रश्न योग्य होता व फळ्यावरील वाक्य अपुरे होते, हे आम्ही त्या मुलीचे नाव घेऊन वर्गासमोर सांगितले आणि ते वाक्य पुसले. नवे वाक्य तिनेच लिहिले : ‘आधी आत आग पाहिजे, मग केस.’

त्याच तासिकेत दुसरा प्रयोग करावा. तांब्या व हंडा यांत सारखेच कढत पाणी भरून ठेवावे. तांब्यातील पाणी लवकर निवते. कारण ठोकळ्यांच्या साहाय्याने समजावून द्यावे. एक सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्याचे पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर व घनफळ 1 घन सेंटिमीटर असते. बाजू दुप्पट केली की पृष्ठफळ 24 होते, घनफळ मात्र 8 होते. म्हणजे आकार वाढला की आतील द्रव्याच्या मानाने उष्णता गमावणारी त्वचा कमी पडते. परंतु जो उशिरा निवतो तो उशिरा तापतोही, हे सांगण्यास विसरू नये.

तिसरी तासिका : आता मुलांसमोर दोन मार्ग उघडे होतात.

पहिला मार्ग उन्हावर जगणाऱ्याचा. अशा ड्रॅगनाने लहान असावे, म्हणजे तो थोड्या उन्हात लवकर तापेल. रंग काळसर असावा, केस नसावेत व हिवाळ्यात त्याने बिळात निपचित पडून राहावे. थंड जमिनीत अंडी उबणार नाहीत, म्हणून ती पोटातच वाढवून पिलांना जन्म द्यावा. ही केवळ कल्पना नव्हे. युरोपच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे राहणारी एक लहानशी पाल नेमके हेच करते.

दुसरा मार्ग अंगात आग बाळगणाऱ्याचा. त्याने मोठे असावे, कान व शेपूट आखूड असावी, अंगावर केस किंवा पिसे असावीत. परंतु आगीला सरपण लागते. सारख्याच वजनाच्या सरीसृपापेक्षा सस्तन प्राण्याला कितीतरी पट, साधारणतः दहापट, अन्न लागते. म्हणून ‘हा बर्फात खाणार काय?’ हा प्रश्न चित्राखाली लिहिलाच पाहिजे. मुखावाटे आग ओकण्याविषयी एका मुलाने म्हटले की, ते म्हणजे चूल अंगणात पेटवून घरात कुडकुडत बसणे होय. उघड्या कातडीचे मोठे पंखही उष्णता गमावतात, हे मुलांनी स्वतःच काढले.

या दोहोंच्या मधलाही एक मार्ग आहे. अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर अंडी घालणारे चामड्या पाठीचे प्रचंड समुद्री कासव थंड सागरातही संचार करते. मोठे शरीर, चरबीचा थर व सततची हालचाल यांच्या योगाने त्याचे अंग भोवतालच्या पाण्याहून 18 अंश सेल्सिअसपर्यंत अधिक उष्ण राहिल्याची नोंद आहे.

शेवटी मुलांना एक खरी गोष्ट सांगावी. ड्रॅगनाच्या देशातच, चीनच्या लिआओनिंग प्रांतात सापडलेल्या एका प्राचीन मांसाहारी डायनोसॉरचे वर्णन 2012 साली प्रसिद्ध झाले. तो सुमारे 9 मीटर लांब होता, आणि त्याच्या अश्मांवर लांब, तंतूंसारख्या पिसांचे ठसे होते. त्या काळी तेथील हवामान बरेच थंड होते, असे शास्त्रज्ञ मानतात. ज्या मुलांनी ड्रॅगनाला पिसे दिली होती, त्यांचे चेहरे त्या वेळी पाहण्यासारखे होते.

गृहपाठ : (1) आपल्या ड्रॅगनाचे चित्र काढून पाच अवयवांची कारणे लिहा. (2) तोच ड्रॅगन वैशाखात मेडशीस आला, तर त्याच्यात कोणते बदल करावे लागतील?

सूचना : निरीक्षणासाठी घोरपड पकडू देऊ नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण दिलेले आहे. दुरून पाहणे पुरेसे आहे.

उपसंहार : गुण देताना चित्राच्या सौंदर्यापेक्षा कारणाच्या खरेपणास महत्त्व द्यावे. आणि ज्या प्रश्नाने वर्ग हसतो, तो खाली बसविण्यापूर्वी शिक्षकाने क्षणभर थांबावे. आमच्या हातून तो प्रश्न एक दिवस वाया गेला. सुदैवाने ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली, आणि तिने पुन्हा हात वर केला.